प्रतिकंप

कोल्हापूरच्या इंजिन संशोधन प्रयोगशाळेत चाचणीच्या फिरत्या रुळांवर चढवलेली ती जुनी निळी गाडी पुन्हा गचके खाऊ लागली. पडद्यावरची रेघ करवतीसारखी दातेरी झाली.

"ही गाडी आहे का शेळी?" परिवहन खात्याचे निरीक्षक गवंडी म्हणाले.

"जोरात सोडली की लोण्यासारखी पळते," स्टिअरिंगवरून वैदर्भी म्हणाली.

"पळत असेल. पण मंदगती चाचणीत नापास. नाव बदलायचं तर नव्या मालकानं गाडी स्वतः सावकाश चालवून दाखवायची, गचका न देता. मार्चअखेरपर्यंत मुदत, मॅडम. नाहीतर भंगार." एवढं सांगून ते चहाला गेले.

गाडी वैदर्भीच्या आईची होती. इंदुमती कारखानीस याच प्रयोगशाळेत इंजिनं जुळवत आयुष्यभर राहिल्या आणि नवरात्राच्या सुमारास झोपेतच हृदय बंद पडून गेल्या. वैदर्भी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. प्रयोगशाळेचे प्रमुख अन्वर मुजावर हे आईचे जुने सहकारी. त्यांना ती लहानपणापासून चाचा म्हणत आली होती.

"इंधनाचा दोष असेल का, चाचा?"

"मलाही आधी तेच वाटलं. नोझल बदलली, हवेची गळती तपासली. इंजिन ठणठणीत आहे. आता हे बघ." त्यांनी पडद्यावर एक आलेख उघडला. "कंपनीचा मूळ इंजिन-नियंता काढून तुझ्या आईनं हा बाहेरचा बसवला. इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. शिवाय चालवणाऱ्याची सवय शिकतो. शिकलेलं जिथं साठतं त्याला ती सवयपट म्हणायची. जास्त दाबाला पट सपाट आहे. पण खाली, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवलेला असताना, ही लाट दिसते का? सेकंदाला पाच."

"दिसते. कुठून आली?"

चाचांनी चष्मा काढून पुसला. "पायातून. तुझ्या आईचा उजवा पाय थरथरत होता, वैदू."

वैदर्भीनं पडद्यावरच्या लाटेवर बोट ठेवलं.

"डोळ्याला दिसण्याइतका नाही. पण हलक्या दाबाला हवेची झडप जेमतेम उघडलेली असते. पाय केसभर हलला तरी इंजिन दचकतं. पूर्ण दाबाला तोच थरथराट कुठल्या कुठं हरवतो. नियंत्यानं तो ओळखला आणि उलटी लाट शिकला. पाय वर तेव्हा ही खाली. दोन्ही मिळून सपाट. याला प्रतिकंप म्हण."

"आणि माझा पाय स्थिर आहे. म्हणून मला नुसता प्रतिकंप लागतो."

"बरोबर. तिचा कंप खोडायला ठेवलेली वजाबाकी आहे ती. आता कंप नाही, वजाबाकी तेवढी राहिलीय."

"तिनं मला सांगितलं नाही."

"मलाही नाही. नियंत्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तो आपला शिकला." चाचांनी कळफलक पुढे ओढला. "पट पुसून टाकतो. मिनिटभराचं काम. आठवडाभर चालव, तुझा पाय शिकेल तो."

"पुसायचं नाही."

"अगं, पण…"

"साड्या वाटून झाल्या. वीजबिलावरचं नाव बदललं. बँकेनं सही रद्द केली. तीन महिने सगळे मिळून तिला पुसायचंच काम करतायत, आणि मी जिथं सांगतील तिथं सह्या करतेय. याला हात लावायचा नाही. उलट त्याचं शिकणं बंद करा. नाहीतर मी नुसती गाडी चालवत गेले तरी माझा पाय तिच्यावर चढेल."

"आणि मार्चमध्ये गवंडी गाडी भंगारात घालेल."

"नाही घालणार. गाडी शिकणार नसेल तर मी शिकेन. तिच्यासारखा पाय टेकवायला."

"हट्टाचा सवयपटसुद्धा तिचाच उचललास," चाचा पुटपुटले आणि त्यांनी नियंत्याचं शिकणं बंद करून ठेवलं.

उसाचा हंगाम चालू होता. सावकाश चालवायचा सराव करायला शिरोळच्या रस्त्याइतकी चांगली जागा नव्हती. पुढे उसानं लादलेल्या ट्रॉल्या, मागे ही निळी गाडी. पहिल्या दिवशी मानेचे सांधे खिळखिळे झाले. एका ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून आरोळी दिली, "ओ मावशी, गाडीला उचकी लागलीया! पाणी पाजा!"

"तुझ्या ट्रॉलीतलं एक कांडं टाक, रसच पाजते!" वैदर्भी ओरडली. आई गेल्यापासून ती मोठ्यानं असं पहिल्यांदाच बोलली होती.

ती रोज कॉलेज सुटलं की जात राहिली. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, एका खटाऱ्यासाठी जीव का काढतेस?" तिनं फोन ठेवून दिला. संक्रांतीपर्यंत गचके थोडे मऊ झाले. फेब्रुवारीत ते मोजके उरले. हंगाम संपत आला तेव्हा गाडी ट्रॉलीमागून अशी सरकायची की डॅशबोर्डवर ठेवलेल्या कपातला चहा डचमळत नसे. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. आईच्या पायाची चाल आपल्याला सापडली.

मार्चमधल्या चाचणीत पडद्यावरची रेघ शांत तळ्यासारखी होती.

"वा! पाय बसला म्हणायचा मॅडम," गवंडी खूश होऊन शिक्का शोधू लागले.

चाचा मात्र पडद्यापाशीच उभे होते. "शिकणं अजून बंद आहे. पटातला एक आकडा बदललेला नाही," ते म्हणाले. "गवंडीसाहेब, जरा तुम्ही बसता?"

गवंडी बसले. गाडीनं त्यांना असं हिसडलं की टोपी मांडीवर पडली. "शेळी परत आली की हो!"

मग चाचा स्वतः बसले. तेच गचके, तीच दातेरी रेघ. पुन्हा वैदर्भी बसली. रेघ सपाट.

गाडी बदलली नव्हती. वैदर्भी रोज मुलांना समीकरणं सोडवायला शिकवत होती. हे सोडवायला तिला वेळ लागला नाही.

"इंजिन बंद करून नुसत्या पायाचा संकेत दाखवा," ती म्हणाली.

"वैदू…"

"दाखवा, चाचा."

तिनं ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला. पडद्यावर बारीक लाट उमटली. सेकंदाला पाच. तिनं खाली वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. पाय अगदी स्थिर दिसत होता.

"ठरवून कुणाला असा पाय थरथरवता येत नाही," चाचा हळू आवाजात म्हणाले. "सरावानंही नाही."

"म्हणजे मी काही शिकले नव्हते."

"तिचंच दुखणं दिसतंय. हिवाळ्यात सुरू झालं असणार. वाढत गेलं, तसे गचके कमी होत गेले. आपण डॉक्टरांकडे जाऊ. आजच. गाडी इथंच राहू दे."

"डॉक्टरांकडे जाते. गाडीनंच जाते." ती स्टिअरिंगवरून उठली नाही. "त्याचं शिकणं चालू करा."

"आता? तिचं जपायला एवढा हट्ट केलास, आणि आता पुसू देणार?"

"पुसलं जाणार नाही. आज तिचा आणि माझा कंप एकच आहे. उद्यापासून माझा वाढेल. ती इथवर येऊन थांबली. तिच्या पुढचं त्याला माझ्याकडूनच शिकावं लागेल."

चाचांनी कळफलक पुढे ओढला. मग त्यांनी कळ दाबली.

गवंडी हातात शिक्का धरून तसेच उभे होते. "मॅडम, हे असं… म्हणजे पायाचं…"

"साहेब, तुमच्या नियमात परीक्षा कुणाची आहे? गाडीची की माझी?"

"गाडीची."

"मग मारा शिक्का."