आठवा श्वास

कोऱ्या चिपवर विश्वास ठेवा, असं ऑफिसात घसा फोडून सांगणारी मीच. आम्ही श्वास देणारी मशीन बनवतो. कारखान्यात कायमची घडवलेली चिप पोटात काय घेऊन येते, देव जाणे. कोरी चिप रिकामी येते आणि तिने काय करायचं ते आम्ही इथे भरतो. तिचं पुढे काय होणार हेच बनवणाऱ्याला ठाऊक नसतं, मग तो दगा देणार कुठे? माझ्या या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. बाबांच्या उशाशी मी त्याच चिपचं मशीन लावलं.

सोमवारी दुपारी कोऱ्या चिपांचा नवा खोका आला. सील मी स्वतः तोडलं. भरण्याआधी प्रत्येक चिप खरंच रिकामी आहे ना, हे मी वाचून बघते. बाकीचे कंटाळा करतात. पडद्यावर सरळ रेघ यायला हवी होती. रेघ चढली, उतरली, अशी सात वेळा. आठव्याला अर्ध्यावर अडखळली आणि पुन्हा सात.

बाबा असाच श्वास घेतात. आठव्याला अडखळायला लागलेत ते गेल्या आठवड्यापासून. सीलवरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती.

दुसरी चिप वाचली. तिसरी. तेच.

"सील शाबूत होतं ना?" साहेब म्हणाले. "मग झालं तर. माल आज जाणार."

"तुमच्या आईला लावाल हे?"

"आवाज खाली."

"मी सही नाही करणार!"

त्यांनी खोका ओढून घेतला आणि माझ्यादेखत दुसऱ्याची सही घेतली. तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच घरी आले. बाबांचं मशीन काढून ऑफिसने मोडीत काढलेलं जुनं लावलं. त्याची चिप कायमची घडवलेली, मठ्ठ. एकाच ठेक्यात हवा ढकलायची, एवढंच तिला येतं. माणूस अडखळो नाहीतर मरो, ती थांबत नाही. आज मला तसलंच मठ्ठ हवं होतं.

मी मोजू लागले. सहा. सात.

मशीन थांबलं.

मग बाबा अडखळले.

मी मशीनच्या मागची पट्टी पुसली. बनवल्याचं साल बाबांच्या पहिल्या धापेच्या चार वर्षं आधीचं होतं.

"ठमे," मास्कमधून बाबा हसले, "हेच राहू दे गं. ओळखतं मला."