काळी पडलेली बाटली

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ग्रामपंचायतीचं पाणी सोडणाऱ्या कोंडीबाआप्पांनी गावाच्या विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर कालवलेली बादली ओतली. सव्वासहाला त्याच विहिरीतून त्यांनी तपासणीची बाटली भरली. घाणेरीच्या झुडपाआड बसलेल्या संयोगिताने दोन्ही वेळा वहीत टिपल्या.

"आधी जंतू मारायचे आन् मग जंतू हाईत का बघायचं," शेजारी बसलेला तारिक कुजबुजला. "आपला पेपरबी असाच घेतला पायजे. आधी उत्तरं, मग प्रश्न."

संयोगिता हसली नाही. तिचा सहा वर्षांचा भाऊ साईराज जुलाब-उलट्यांनी कवठे महांकाळच्या दवाखान्यात होता. सोमवारी तो घरी येणार होता, आणि घरी हेच पाणी होतं. आई घरात उकळून देईल. पण खेळता खेळता तहान लागली की पोरगं तोंड लावणार ते नळालाच.

तारिकची आई नूरजहां गावची आशाताई. तिच्याकडून मागून आणलेली, आत औषध असलेली तपासणीची बाटली दोघांनी साडेपाचलाच, पावडर पडण्याआधी, भरून ठेवली होती. पाणी खराब असेल तर ती दोन दिवसांत काळी पडते.

पण घाण येत होती कुठून? खरं तर हे शिवारफेरीत कळायला हवं होतं. गावाच्या कामांचा आराखडा करण्याआधी सरपंच, ग्रामसेवक आणि गावकऱ्यांनी डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत पायी हिंडायचं असतं. यंदाची फेरी जीपमधून झाली. रस्ता संपला तिथं फोटो काढले आणि मंडळी परतली.

दोघं त्या रस्त्याच्या वर चढली. दहा मिनिटांतच तारिकने नाकाला रुमाल बांधला. गावाने श्रमदानाने खणलेले चर ओळीने पसरले होते. पावसाचं पाणी त्यांत मुरायचं आणि खाली विहिरीला पाझरायचं. आता ते चर मेलेल्या कोंबड्यांनी आणि पोल्ट्रीच्या ओल्या घाणीने काठोकाठ भरले होते. वळवाच्या दोन सरींनी सगळं कुजलं होतं.

पोल्ट्रीकडच्या कच्च्या वाटेवरून टेम्पोची घरघर ऐकू आली. पोल्ट्रीवाले हंबीरतात्या खाली उतरले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस; गावात त्यांचा शब्द चालायचा. पोरं इथं काय करताहेत, असं त्यांनी दरडावून विचारलं.

"तात्या, हे चर पाणी मुरायला हाईत," संयोगिता म्हणाली.

"मोकळेच पडले हुते. झाडांना खत हुतंय की. आन् विहीर हितनं लय लांब हाय."

"मग मुरल्यालं पाणी कुठं जातंय, तात्या?"

तात्यांनी टेम्पोचं फाळकं उघडलं. टेम्पो रिकामा करून ते निघून गेले.

शुक्रवारी, एक मेच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी अहवाल वाचला: पाणी पिण्यास योग्य. संयोगिता उठली आणि काजळासारखी काळी झालेली बाटली तिने टेबलावर ठेवली. मग वही उघडून वेळा वाचल्या. सहा दहा. सव्वासहा. शेवटी चरांत काय भरलंय तेही सांगितलं.

कोंडीबाआप्पांनी मान खाली घातली.

"नमुना नापास झाला तर गावाला लाल कार्ड येतंय," ते पुटपुटले. "तालुक्यात गावाची अब्रू जाती, म्हणून आधी पावडर टाकत हुतो. पोटात पाप न्हवतं, पोरी."

तात्यांनी यापुढे चरांत काही टाकणार नाही असा शब्द दिला. सरपंच विजयमालाताईंनी दोन्ही मुलांची पाठ थोपटली, नारळ दिले, फोटो काढला. टाळ्या वाजल्या.

"आवं ताई, पण चर कवा रिकामे करणार?" संयोगिताने विचारलं.

ग्रामसेवकांनी अडचण सांगितली. आराखडा सरकारी पोर्टलवर चढला होता आणि त्यात हे काम नव्हतं. पुरवणी आराखडा करून तालुक्याला पाठवावा लागेल. तोवर मजूर कोणी लावायचे यावर वाद झाला. तात्या म्हणाले ग्रामपंचायतीने, ग्रामपंचायत म्हणाली तात्यांनी. जेवायची वेळ झाली तशी सभा उठली.

"नारळ तेवढा चांगला निघाला," वाटेत तारिक म्हणाला. संयोगिताने आपला नारळ फोडलाच नव्हता.

सोमवारी दुपारी चारला साईराज घरी आला. संयोगिताने अंगणातल्या नळाची तोटी सुतळीने घट्ट बांधून टाकली आणि ती ग्रामपंचायतीत गेली. पुरवणीचा कागद अजून तालुक्याला गेला नव्हता. भिंतीवरचं शुद्ध पाण्याचं हिरवं कार्ड जागच्या जागी होतं. तिथून ती थेट डोंगर चढली.

वहीतली शेवटची नोंद अशी आहे: सोमवार, सव्वापाच. चर भरलेलेच. पश्चिमेकडून ढग येतायत.