तीन किलोचा दोनहजारी डबा

"मामा, थांब! आधी खालची पट्टी वाच!" वेणू ओरडली.

पण भिकूमामाने बटण दाबलंसुद्धा होतं. अमेरिकेहून आलेल्या टोस्टरच्या तारा बघता बघता पांढऱ्याफेक झाल्या, पावाच्या स्लाइसमधून भसाभसा धूर निघाला, फट्‌ असा आवाज झाला आणि घरातला दिवा विझला!

"खराब माल दिला गोऱ्यांनी!" मामा म्हणाला.

वेणूने कपाळावर हात मारला. "माल चांगला आहे रे! पट्टीवर एकशेदहा व्होल्ट लिहिलंय. आपल्याकडे दोनशेतीस! फ्यूज उडाला म्हणून वाचला टोस्टर!"

"तू सातवीतली पोर. मी सात समुद्र फिरलोय!"

भिकूमामा जहाजावर खलाशी होता. १९६४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तो डहाणूला आला, तो बहिणीसाठी हा टोस्टर आणि एक मिक्सर घेऊनच. बहीण म्हणजे वेणूची आई, चंद्रावती. पहाटेपासून मासळी विकून तिची कंबर धरायची. म्हणून तिने डहाणू रोड स्टेशनसमोर एक लाकडी टपरी घेतली होती. वर झावळ्यांचं छप्पर, आत चहा, मस्का लावलेला टोस्ट आणि घोलवडच्या चिकूंचं घट्ट दूध! रविवारी सकाळी नऊला उद्घाटन ठरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मामा बाजारातल्या काळूशेठच्या विजेच्या दुकानातून एक हिरवा डबा घेऊन आला.

"हा ट्रान्सफॉर्मर! दोनशेतीस आत जातात, एकशेदहा बाहेर येतात. दोन हजार वॅटचा आहे, हे बघ, लिहिलंय! आता बोल!"

डब्यावर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर शाईने '२००० वॅट' असं ठळक लिहिलेलं होतं. वेणूने तो कागद दोनदा वाचला. आकडा तर बरोबर दिसत होता.

शुक्रवारी टपरीत चाचणी झाली. आईने डबा फळीवर ठेवून त्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता. मामाने टोस्टर आणि मिक्सर एकदम लावले. मिक्सर कण्हत कण्हत फिरू लागला. पाव पांढराच राहिला. डबा मात्र भुंग्यासारखा घूं घूं करू लागला आणि कसलातरी जळका वास सुटला. वेणूने रुमालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आई, हा भाजतोय! बंद कर! वर झावळ्या आहेत!"

"नवीन वस्तू पहिल्यांदा तापतेच," मामा म्हणाला.

"मग पाव का भाजत नाही?"

"वेणे, पुरे!" आईने बटण बंद केलं. "उद्घाटनाच्या तोंडावर अभद्र बोलू नकोस. मोठ्या माणसांनी आणलंय ना?"

मोठी माणसं! वेणू पाय आपटत बाहेर आली. मागोमाग तिचा दहा वर्षांचा भाऊ नारू आणि वर्गातली मैत्रीण सोमी आली. सोमी जवळच्या सरावली गावची. ती उगाच बोलत नसे, पण बोलली की कामाचं बोलायची.

"वेणू, तो डबा मी काल एका हातात उचलला," सोमी म्हणाली. "लोखंड नि तांबं असतं ना त्यात? एवढा हलका कसा?"

मामा जेवायला गेल्यावर तिघांनी डबा आईच्या मासळीच्या तराजूत घातला. तीन किलो दोनशे ग्रॅम!

"पण असायला हवा किती?" नारूने विचारलं.

"माझ्या लाहूकाकाला विचारू," सोमी म्हणाली. " वायरमन आहे तो. तलासरीला तारा ओढायचं काम चाललंय, तिथेच आहे."

शनिवारी सकाळी तिघं तलासरीच्या एसटीत बसली. लाहूकाका खांबावर चढला होता. तो खाली उतरेपर्यंत वेणूला दम निघेना. तिने खालूनच सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली.

"अगं, मला उतरू तर दे!" तो हसला. पण खाली आल्यावर त्याचं हसू मावळलं. "टोस्टरवर किती वॅट लिहिलेत?"

"अकराशे. मिक्सरवर साडेचारशे."

"दोन्ही एकदम चालणार, म्हणून बेरीज करायची. साडेपंधराशे. त्यावर पाव हिस्सा जास्त धरायचा, कारण काठोकाठ भरलेलं यंत्र तापतं. म्हणजे दोन हजारचाच डबा हवा. मामाने आकडा बरोबर मागितला."

"मागितला बरोबर, मिळाला भलताच!" वेणू म्हणाली. "तीन किलो भरला तो."

"तीन? दोन हजारचा डबा पंधरा किलोच्या खाली भरणार नाही! हा तीनशेचा असेल. त्या कागदाखाली कंपनीची पट्टी असेल, ती बघा. वायर भिंतीतून काढल्याशिवाय हात लावू नका! आणि त्यावर रुमाल कसला घालता? त्याला वारा लागतो. मी उद्या पहिल्या गाडीने येतो, पण मला दहा वाजतील."

आणि उद्घाटन नऊला! परत येऊन बघतात तर मामा टपरीला कुलूप लावून मित्रांकडे गेलेला. रात्री वेणूने पुन्हा सांगून पाहिलं.

"लाहूने डबा पाहिलाय का? नाही ना? मग!" मामाने कूस बदलली.

रविवारी टपरीला झेंडूची तोरणं लागली. अर्धा बाजार जमला. पाहुणे म्हणून कोण आलं असेल? साक्षात काळूशेठ! मामा बटणाकडे निघाला तेवढ्यात वेणू पुढे झाली.

"मामा, उद्घाटन काळूशेठच्याच हस्ते होऊ दे! डबा त्यांचा ना! टोस्ट होईपर्यंत त्यांनी डब्यावर हात ठेवून उभं राहायचं."

"वा, वा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काळूशेठच्या कपाळावर घाम आला. "हात कशाला? नारळ फोडू की!"

"फक्त पाच मिनिटं, शेठ. दोन हजारचा आहे ना?"

"आहे ना... पण मला... विजेची जरा भीती वाटते."

"विजेचं दुकान चालवता आणि विजेची भीती?" मामाच्या भुवया पहिल्यांदाच वर गेल्या. "ठेवा हात!"

"नको, भिकूशेठ! दोन्ही यंत्रं एकदम नका लावू. तापेल तो!"

भिंतीजवळ नारूने हात वर केला. त्याच्या मुठीत डब्याच्या वायरची पिन होती. ती त्याने केव्हाच उपसून ठेवली होती. मग सोमीने ओल्या फडक्याने कागद भिजवून सोलून काढला. खाली पितळी पट्टी होती आणि तिच्यावर कोरलं होतं : ३०० वॅट.

"हे काय, शेठ?" आई पुढे सरसावली. "वर झावळ्या, आत माझी पोरं!"

"दोन हजारचा दुकानात नव्हता," काळूशेठ पुटपुटला. "तुम्ही आकडा मागितला, मी आकडा दिला. थोडा वेळ चालला असता..."

"थोडा वेळ!" वेणूच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. "चार दिवस मी ओरडतेय! तुम्ही फसवलंत, मामाने वाचलं नाही आणि आई मलाच गप्प बसवत होती!"

दहा वाजता लाहूकाका आला. त्याने डबा हातात तोलला, पट्टी पाहिली आणि एवढंच म्हणाला, "या पोरांनी आज टपरी वाचवली. माणसंही वाचवली."

त्या दिवशी लोकांना नुसता चहा मिळाला. बुधवारी काळूशेठने मुंबईहून खरा डबा आणून दिला. तो उतरवायला दोन माणसं लागली! लाहूकाकाने तो झावळ्यांपासून दूर, उघड्या कोनाड्यात बसवला. मामाने रुमाल पुढे केला, तेव्हा तिन्ही पोरं आणि लाहूकाका एकदम ओरडले, "नको!"

मामा ओशाळून हसला. "चुकलो बाई. जहाजावर मी भट्टीचा काटा वाचल्याशिवाय कोळसा टाकत नाही, आणि इथे साधी पट्टी वाचली नाही. शाबास रे पोरांनो!"

टोस्टर लागला, मिक्सर लागला. मामाचं बोट बटणाकडे गेलं, पण आईने त्याचा हात धरला.

"वेणू हो म्हणेल तेव्हा!"

सगळी मोठी माणसं वेणूकडे बघत उभी राहिली. तिने टोस्टरची पट्टी वाचली. मिक्सरची वाचली. डब्यावरची पितळी पट्टी बोट फिरवून वाचली. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होता. काळूशेठ घाम पुसत होता. वेणू मुळीच घाई करत नव्हती. तिने पहिल्यापासून पुन्हा एकदा सगळं वाचलं.

मग म्हणाली, "हं. आता दाबा!"