इथनानचा रांजण

हन्नोख वाक्रुळकरांनी एलियाहू संदेष्ट्याच्या मलिद्यासाठी, म्हणजे आभाराच्या प्रसादासाठी, पोहे भिजवले आणि नारळ खवायला घेतला, तेवढ्यात शेजारचा शालोम खिडकीतून ओरडला, "हन्नोखभाऊ, तुमची चोरी सापडली!"

त्याच्या हातात मातीओळख होती. टॉर्चएवढं हे यंत्र मातीवर किरण सोडायचं, तिच्यातली खनिजं आणि परागकण तपासायचं आणि ती कुठल्या डोंगराची, कुठल्या ओढ्याकाठची ते सांगायचं. गेल्या दोन वर्षांत ते देशात घरोघरी पोचलं होतं. शालोमने ते अंगणातल्या कढीपत्त्याच्या कुंडीला लावलं होतं आणि पडद्यावर उमटलं होतं: पेण तालुका, रायगड.

"आमच्या हिने आणली होती, पेटीच्या तळाशी लपवून," हन्नोख हसले. "विमानतळावर विचारलं तर बेधडक म्हणाली, साहेब, नाचणीचं पीठ आहे!"

शालोम खो खो हसत गेला. हन्नोखांची मुलगी मिल्का मात्र हसली नाही. मातीओळख तिनेच घडवली होती, आणि आज तिला त्या यंत्राची भीती वाटत होती.

त्यांचं गिवात शाकेद हे इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटाच्या कडेला असलेलं साठ घरांचं गाव. निम्मी घरं कोकणातून आलेल्या बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी यहुद्यांची. घरांमागे बदामाची टेकडी. तिथे खणताना जुन्या कोठाराची एक खोली लागली आणि तिच्यात फुटका रांजण सापडला. रांजणावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या लिपीत एकच नाव होतं, इथनान. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, यहूदाच्या दक्षिणेकडच्या गावांच्या यादीत हे नाव येतं, पण ते गाव कुठे होतं ते कुणालाच सापडलं नव्हतं. यंत्राने कौल दिला होता. रांजणाची माती याच टेकडीखालच्या ओढ्यातली होती.

म्हणजे इथनान इथेच. आणि नवा कायदा सांगत होता की पवित्र शास्त्रातलं गाव नक्की झालं की खोदकामासाठी त्यावरची आजची वस्ती उठवायची. उत्तरेकडचं एक गाव गेल्याच वर्षी उठलं होतं. लोकांना चांगली घरं मिळाली, पण एक इथे, एक तिथे, अशी विखरून. उद्याच्या अहवालावर मिल्काची सही हवी होती.

"बाबा, मलिदा कसला करताय?" तिने विचारलं.

"एलियाहू हन्नाबीचे आभार मानायला नकोत? यहोशवाचं गाव आपल्या परसात निघालं!"

"मी सही केली तर आपल्याला हे घर सोडावं लागेल."

हन्नोखांचा हात खोबऱ्यावर थांबला. "मला ठाऊक आहे. शालोमला अजून बोललो नाही. तो रडेल, मेला." ते पुन्हा खवू लागले. "खरं असेल तर सही कर. माझ्या भिंतींसाठी खोटं लिहू नकोस. मी एकदा गाव सोडलंय, पुन्हा सोडता येईल."

"तुम्ही सातव्या वर्षी सोडलंत बाबा. आता ऐंशी उलटली."

"म्हणून काय झालं? वाक्रुळ सोडलं तरी ते सुटलं का? मुंबईच्या शाळेत पहिल्याच दिवशी मास्तरांनी वाक्रुळकर म्हणून हाक मारली, तर मी गप्प. मला कळेना कुणाला बोलावतायत! गावात आम्ही शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून. तिथे वाक्रुळकर कोण म्हणणार? सगळेच वाक्रुळचे!"

मिल्का उठून उभी राहिली.

"काय गं? मिठाचा चहा दिला की काय मी?"

"बाबा, पुन्हा सांगा. वाक्रुळात तुम्हाला कुणीच वाक्रुळकर म्हणत नव्हतं?"

"कुणीच नाही. का?"

रांजणाची छायाचित्रं काढून तिने अक्षरांच्या कडा मोठ्या करून पाहिल्या. कडा खडबडीत होत्या, टवके उडाले होते. ओल्या मातीवर कुंभाराने काढलेली अक्षरं अशी नसतात. रांजण भाजून झाल्यावर, विकत घेणाऱ्याने ती खिळ्याने कोरली होती. आपला रांजण शेजाऱ्यांच्या रांजणांत मिसळू नये म्हणून. आणि भोवताली सगळेच इथनानचे असते, तर इथनान लिहून त्याला काय उपयोग?

तिने खोदकामाचे प्रमुख ओरेन यांना फोन लावून हे सगळं सांगितलं.

"हा तर तुझ्या वडिलांचं घर वाचवणारा पुरावा आहे, मिल्का," ते कोरडेपणाने म्हणाले.

"म्हणूनच तो तपासायचाय. त्याच खोलीतला दिवा आपण नुसत्या रंगावरून परक्या मातीचा म्हणून बाजूला ठेवला होता. परगावी जाणारा माणूस रांजण नेत नाही. दिवा नेतो."

ओरेन तयार झाले. "लाव यंत्र. पण दिवा कुठला निघतो ते आधी मला सांग, तुझ्या बाबांना नंतर."

दिवा दक्षिणेकडच्या एका कोरड्या दरीतला निघाला. अहवाल थांबवून पंधरवड्याने तिथे नमुन्यादाखल खणलं, तेव्हा वाळूखाली घरांचे पाये लागले आणि त्याच घडणीच्या दिव्यांचा ढीग. आज तिथे कुणीच राहत नव्हतं. अहवालात मिल्काने लिहिलं की इथनान बहुधा या दरीत होतं, आणि बदामाच्या टेकडीवर तिथून आलेलं एखादं कुटुंब राहत असावं. टेकडीवरच्या जुन्या वस्तीचं नाव अज्ञात. गिवात शाकेद जिथे आहे तिथेच राहील. शेवटी तिने एक मागणी जोडली. उत्तरेकडचं जे गाव उठवलं, तिथला पुरावा याच नजरेने पुन्हा तपासावा. ओरेन यांनी लगेच खाली आपली सही केली.

मलिदा अखेर त्या दरीतच झाला. शालोमने ताट धरलं, हन्नोखांनी प्रार्थना म्हटली आणि गुळाचे पोहे कामगारांना वाटले.

मग हन्नोख उघड्या पडलेल्या पायाच्या दगडावर टेकले. "पाणी आटलं असेल म्हणून गेले असतील बिचारे. तिकडे टेकडीवर लोकांनी विचारलं असेल, कुठले रे तुम्ही? आणि तेव्हा यांना आपल्या गावाचं नाव लागलं."

"हो बाबा."

"अगं, ती शालोमची नात चंद्रावरच्या वसाहतीत चाललीय ना कामाला?" हन्नोखांनी बोटं चाटली आणि दूरवरच्या बदामाच्या टेकडीकडे पाहिलं. "तिथे तिला कुणी विचारलं, कुठली गं तू, तर ती कुठलं नाव सांगेल?"