जायचे तेवीस

भुताची गोष्ट हवी ना? मग मोबाइल उलटे ठेवा आणि ऐका. ही घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो जंगलखात्याच्या जीपचा ड्रायव्हर आपल्या रोजच्या उठण्याबसण्यातला. थापा मारणं त्याला जमत नाही. लॉगबुकात मारायचा, ते सोडा.

गेल्या सप्टेंबरचा दुसरा बुधवार, रात्रीचे सव्वाअकरा. ऑफिसमागच्या शेडमध्ये त्याने जीपची मागची चाकं जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि इंजिन चालू केलं. काम नेहमीचंच. साहेब घरबसल्या पाहणी करायचे, लॉगबुकात किलोमीटर चढायचे, आणि मग मीटर जुळवायला जीप जागच्या जागी पळवायची. ॲक्सिलरेटरवर वीट ठेवली की झालं. हसतोस काय रे? असंच चालतं.

या वेळी आकडा मोठा होता. डोंगरावरच्या वस्तीला जायला तेवीस किलोमीटर, यायला तेवीस. वर्षभरात कागदावर बारा पाहण्या. ठेकेदाराला परवानगी दोनशे झाडांची, त्याने अख्खा उतार बोडका केला. बारा वेळा साहेबांनी 'तोड परवानगीनुसार' असं लिहिलं, बारा वेळा ड्रायव्हरने लॉगबुकात सही ठोकली. मग पावसात तो उतार खाली आला आणि सात घरं घेऊन गेला. सकाळी दहाला चौकशी समिती येणार होती.

"पाचशे बावन्न पडले पाहिजेत," साहेब निघताना म्हणाले. "आकडा जुळला की आपण सुटलो."

आपण म्हणे. त्या सातांतलं एक घर ड्रायव्हरच्या धाकट्या बहिणीचं होतं. ती अजून सापडली नव्हती. वस्तीच्या वर जमिनीला भेग पडली तेव्हापासून ती अर्ज करत होती. पाच अर्ज केले. उत्तर एकच, पाहणी चालू आहे. मग फोन करून भावाला म्हणायची, "दादा, एकदा तरी साहेबांना वर घेऊन ये. भेगेत कोपरापर्यंत हात जातो आता." हा म्हणायचा, आणतो. आणि साहेबांसमोर याची दातखीळ बसायची. संताप येतो ना? त्यालाही येत होता, स्वतःचाच. तरी त्याने वीट ठेवली. पेन्शनला चार महिने राहिले होते.

चाकं फिरू लागली. काटा साठवर. तो शेजारी स्टूल घेऊन बसला.

दहा मिनिटं काही नाही. मग इंजिनाचा आवाज जड झाला. घाट चढताना होतो तसा. जॅकवरच्या जीपला कसला आलाय चढ? तो उठला, आत वाकला. वीट जागेवर. गिअर तोच.

मागच्या सीटची स्प्रिंग वाजली.

त्याने मान वळवली नाही. ओल्या मातीचा वास आला.

"दादा…"

त्याने दाराची कड धरली.

"आणलंस शेवटी…"

विटेकडे हात न्यायचा होता. हात उचलेना.

"पुढचं वळण सावकाश घे. रस्ता खचलाय तिथं."

इंजिन चढत होतं. चढतच होतं…

मग चाकं थांबली. इंजिन चालू. वीट जागेवर. चाकं थांबलेली.

"पोचलो."

मागची स्प्रिंग पुन्हा वाजली.

"साहेब कुठंयत, दादा? पुढची सीट तर रिकामी आहे…"

त्याला रडू फुटलं. "ते आले नाहीत गं. कधीच आले नाहीत."



पहाटे वॉचमनला तो चाकाला टेकून बसलेला दिसला. इंजिन बंद. मीटरवर वाढले होते बरोबर तेवीस.

समितीपुढे त्याने सगळं सांगितलं. बहिणीचं नाही. जॅकचं, विटेचं, खोट्या सह्यांचं. "साहेब एकदाही वर गेले नाहीत," तो म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हे झालं तोंडी. लेखी काय आहे?"

लेखी लॉगबुक होतं. बारा फेऱ्या, त्याच्याच सहीने. मीटर जुळत नाही, तो पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. "मीटर नादुरुस्त, असं लिहून घ्या," अध्यक्ष लेखनिकाला म्हणाले. अहवालात सगळा दोष पावसाचा निघाला. साहेब खुर्चीवर आहेत, ड्रायव्हर निलंबित आहे. आणि वस्तीवर समितीतलंही कुणी गेलं नाही. का, तर रस्ता खराब आहे.

चिडू नका, गोष्ट संपत आली. मेकॅनिकने मीटर खोलून पाहिला. दोष काही सापडला नाही. तरी नवा बसवला, शून्यापासून. जीप बाजारात गेली, साहेबांच्या मुलांना शाळेत सोडून आली. तेवीसवर मीटर थांबला. तिसरा बसवला… तोही तेवीसवर.

आता कितीही पळवा. जायचे पडतात… यायचे पडत नाहीत.