रडेल त्याला आधी

दुपारचे दोन, म्हणजे ड्रेसिंगची वेळ. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात सिस्टरने कपाट उघडून कळ थांबवणारं इंजेक्शन काढलं. आठवड्याला सात यायची, दिवसाला एक. मुलं कधी चार, कधी नऊ. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं म्हणून जुन्या मोठ्या सिस्टरने एक नियम घालून दिला होता: जो जास्त ओरडेल त्याला सुई. गप्प राहील त्याच्या कागदावर ‘वेदना: शून्य’. बावीस वर्षं हेच चाललं होतं आणि शून्यं पाहून साहेब मंडळी खूश होती.

आजची सुई सात वर्षांच्या मुलीची होती. उकळत्या पाण्याने दोन्ही पाय भाजलेले, वरचे पुढचे दोन दात पडलेले, आवाज खणखणीत. ड्रेसिंगच्या टेबलावर तिला झोपवून सिस्टरने चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे.

“कुठला चेहरा, बाळा?”

मुलीने शेवटच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. सुई दिसताच मात्र दंड झाकून घेतला.

“मला नको. आधी तिला द्या.”

“कुणाला गं?”

“टेबलाखाली बसलीय ना... तिला जास्त दुखतंय.”

मुलीची आई कसंनुसं हसली. “तापात बरळतेय हो. द्या तुम्ही.”

“मग ती रडत का नाही?” सिस्टर विचारून बसली.

“तिच्या आईने सांगितलंय... रडलीस तर सिस्टर रागावतील.”

सिस्टरला आठवलं. मागच्या वर्षी याच टेबलावर एका आईने आपल्या मुलीला हेच सांगितलं होतं. “शहाणी आहे हो तुमची मुलगी,” सिस्टर म्हणाली होती, आणि सुई शेजारच्या ओरडणाऱ्या मुलाला दिली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. पोर चादरीचा कोपरा चावत राहिली. सिस्टरने शून्य लिहिलं. तिसऱ्या दिवशी पोर गेली. चघळलेला कोपरा सिस्टरने कापून टाकला, तो कुणीच पाहिला नाही. स्वतःची तिला तेव्हाही लाज वाटली होती. पण दुसऱ्या दिवशी परत नियम होताच.

तिने वाकून टेबलाखाली पाहिलं. नुसती फरशी. मग घाईने मुलीच्याच दंडात सुई टोचली आणि घड्याळ लावून वीस मिनिटं थांबली.

पहिली पट्टी सुटली आणि मुलगी किंचाळली.

“पाणी टोचलंत का हो?” आई कळवळून ओरडली.

दोन किंकाळ्यांच्या मध्ये सिस्टरला ऐकू येत होतं... टेबलाखालून, संथ, शांत... गाढ झोपलेल्या पोरीचा श्वास.

ड्रेसिंग संपलं, आईने मुलीला उचलून घेतलं. सिस्टरने सकाळीच धुऊन आलेली चादर ओढून काढली. एक कोपरा ओला होता. त्यावर दातांची बारीक ओळ उमटली होती, वरचे पुढचे दोन सगळ्यांत खोल.

“उद्या तरी दुखणार नाही ना हिला?” आईने विचारलं.

हुंदके देत मुलगीच आईच्या कडेवरून टेबलाखाली वाकून म्हणाली, “ती झोपली.” मग जरा थांबून, “बाकीचे अजून जागेच आहेत.”

कपाटात सहा सुया उरल्या होत्या.