भरल्या पोटाचा डोंगर

भूकंपलेखकाच्या पडद्यावरची रेघ आजही सरळ होती. पत्र्याच्या त्या लांबट प्रयोगशाळेत एका टोकाला भूकंपतज्ज्ञ डॉ. इक्बाल मुकादम पाय पसरून बसला होता आणि दुसऱ्या टोकाला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. शरयू टिपणीस आपल्या दाबपेट्यांपाशी उभी होती. दोघांच्या मधोमध जमिनीत एक छिद्र होतं, थेट सह्याद्रीच्या पोटात गेलेलं. त्याला सगळे खोलवेध म्हणत.

"पेढे मागव, शरयू. माझी नोकरी गेली," इक्बाल म्हणाला. "धक्केच नाहीत, तर भूकंपवाल्यानं करायचं काय? लोणचं घालायचं?"

एरवी ती हसली असती. आज तिच्या डोळ्यांपुढे घरमालकीण हौसाक्काचं नवं स्वयंपाकघर होतं.

जांभळवणच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या डोंगर हलत आला होता. मोठं काही नाही. भांडी वाजायची, म्हशी दावं ओढायच्या, एवढंच. त्यामुळे इथल्या लोकांनी एक शिस्त अंगी बाणवली होती: कशावर काही ठेवायचं नाही. भिंती कुडाच्या, छप्पर पत्र्याचं, अंथरूण दाराशी, आणि डबे जमिनीवर ओळीनं. शरयू हौसाक्काकडे भाड्यानं राहायला आली तेव्हा तिनं साखरेच्या डब्यावर चहाचा डबा ठेवला होता. हौसाक्कानं तो उतरवून खाली ठेवला. "हितं उतरंड रचत न्हाईत, बाई," ती म्हणाली होती.

आणि आज सकाळी त्याच हौसाक्कानं तिला हाताला धरून नेऊन दाखवलं. नवं पक्कं घर, वर स्लॅब, आणि कोपऱ्यात नव्या सुनेनं माहेरून आणलेल्या स्टीलच्या डब्यांची थेट छताला टेकेल अशी उतरंड. सगळ्यात वर एक चिमुकली डबी.

"बगा की! डोंगर निजला आता," हौसाक्का म्हणाली.

"इक्बाल, धक्के कधीपासून थांबले?"

"दिवाळीनंतर."

"आणि आपण खाली वायू कधीपासून सोडतोय?"

इक्बालनं पाय खाली घेतले.

खोलवेधाच्या तळाशी, जिथे ऊन नाही, वारा नाही आणि पाणी चहाच्या आधणासारखं तापलेलं, तिथे खडकाच्या भेगांत सूक्ष्मजीवांचा एक समूह राहत होता. शरयूनं त्यांचं नाव ठेवलं होतं 'अश्मवासी'. त्यांचं अन्न म्हणजे हायड्रोजन. खडकाला ताजी चीर पडली आणि तिला पाणी लागलं, की हा वायू थोडासा सुटतो. तेवढ्यावर ते जगत. एका जीवाचे दोन व्हायला माणसाचा जन्म सरावा इतके सावकाश. शरयूनं त्यांना वरून हायड्रोजन पुरवायला सुरुवात केली. प्रकल्पाच्या प्रस्तावात 'नमुन्यांच्या वाढीसाठी वायुपोषण' असं भारदस्त लिहिलं होतं. खरं कारण साधं होतं. उपाशी कुणी दिसलं की तिला बघवत नसे. इक्बाल त्याला 'शरयूचं केळवण' म्हणे.

"हे बघ," तिनं पहिल्या दाबपेटीवरचं कापड काढलं. आत पाताळातल्याइतका दाब आणि उष्णता, आणि खडकाचा एक दंडगोल. त्याला आडवी चीर गेली होती. "यांना मी पोसलंच नाही. भूक लागली की ते आम्ल सोडतात. मी त्याला क्षुधाम्ल म्हणते. खडकाच्या जुन्या भेगा चुन्यानं सांधलेल्या असतात. तो सांधा विरघळतो, खडक जरा सरकतो, ताजी फट पडते, पाणी शिरतं, वायू सुटतो. की झालं जेवण."

"थांब. म्हणजे धक्के..."

"धक्के म्हणजे त्यांनी स्वतःच्या हातानं पान वाढून घ्यायचं, इक्बाल. आता आपण आयतं वाढतोय. ते कशाला डोंगर हलवतील?"

इक्बालनं चष्मा काढला आणि पुसत बसला. तो पुसून झाला तरी पुसतच राहिला. "डोंगरात ताण सतत भरत असतो," तो अखेर म्हणाला. "या बारक्या धक्क्यांतून तो गळून जात होता. कुकरची शिट्टी होती ती. आपण शिट्टी चिंधीनं बांधली. आणि खाली गॅस चालूच आहे." मग एकदम ओरडला, "अगं, मग बंद कर ना ती तोटी!"

शरयूनं दुसऱ्या पेटीवरचं कापड उचललं. आत दंडगोल नव्हताच. नुसती कच होती, रव्यासारखी.

"यांना काही आठवडे पोसलं आणि मग तोटी बंद केली. पोटभर मिळाल्यावर ते शेकडो पटींनी वाढले. सकाळी बंद केली, दुपारच्या आत सगळ्यांना एकदम भूक लागली."

"मग हळूहळू कमी कर. अर्धं वाढ."

"तेही करून पाहिलं. अर्धपोटी समूह उपाशासारखाच वागतो. जरा उशिरा, एवढाच फरक. आणि कधीच बंद केली नाही, तर काय? ते तू सांग. तो तुझा विषय."

"तर ताण साचतच जाईल. पुढच्या वर्षी धक्का याहून मोठा. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. खोऱ्यात नव्या स्लॅबच्या कडा उन्हात पांढऱ्या चमकत होत्या. डोंगर निजला म्हणून घरोघरी पत्रे उतरले होते. "बसायचा तो बसणारच, शरयू. आपल्या हातात फक्त मुहूर्त."

वरिष्ठांना कळवलं. अधिक अभ्यास करावा आणि घबराट पसरवू नये, असं उत्तर आलं. मग दोघांनी आपापसात मुहूर्त काढला: जांभळाईची जत्रा. त्या दिवशी देवी घर सोडून माळावर जेवायला जाते, म्हणून गावात कुणाच्याही घरी चूल पेटत नाही. सगळं गाव, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत उघड्या माळावर असतं. डोक्यावर आभाळाखेरीज काही नाही. घरं जातील, माणसं राहतील. त्या रात्रीपासून शरयूला नीट झोप लागली नाही. कुणाचं घर पाडायची तारीख ठरवून त्याच घरात सकाळचा चहा पिणं सोपं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी उजाडताना तिनं तोटी फिरवली. मूठभर लोखंड, पण बंद करताना दोन्ही हात लावावे लागले.

माळावर ढोल वाजत होते. प्रत्येक थापेसरशी ती दचकत होती. हौसाक्काच्या आंधळ्या सासूला बाजेसकट आणून झाडाखाली ठेवलं होतं. शरयूनं तीनदा जाऊन ती तिथेच आहे ना, ते पाहिलं.

"जेवा की, बाई. हात का थांबला?" हौसाक्कानं तिच्या पानात आणखी आमटी ओतली. "तुमच्या त्या किड्यास्नी रोज भरवतासा, अन् सवता अशा वाळल्यासा."

दुपार झाली. कलली. शरयूनं फोन लावला.

"सरळ," इक्बालचा आवाज घोगरा झाला होता. "रेघ सरळ आहे. तुझ्या पेटीतला दगड तर दुपारच्या आत फुटला होता!"

सूर्य डोंगराला टेकला. बायका घोंगड्या झाडून घड्या घालू लागल्या. "चला, नव्या घरात देवीचा दिवा लावायचा," हौसाक्का म्हणाली. "आळीतली समदी पोरं स्लॅबवर नाचायला बोलिवल्यात सुनेनं." बोलता बोलता तिनं उरलेल्या भाकरींतल्या दोन फडक्यात बांधून कमरेला खोचल्या. शरयू बघतेय हे पाहून ती लाजली. "सवय वो. ल्हानपणी दुस्काळ बगितलाय म्या. प्वाट भरलं तरी दोन भाकरी दडवल्याबिगर झोप येत न्हाई."

शरयूनं पुन्हा इक्बालला फोन लावला.

पेटीतल्यांना तिनं काही आठवडे पोसलं होतं. खालच्यांना जवळजवळ वर्षभर. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात चकचकीत ठिपके दिसत होते, आणि ती कौतुकानं म्हणाली होती, "कसे गुटगुटीत झालेत बघ!" ती चरबी होती. लाखो वर्षं दुष्काळ भोगलेले ते जीव, त्यांना ताट मिळालं तर ते नुसतं खातील कशाला? त्यांनी पेव भरून ठेवलं होतं. किती भरलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. आज रात्री सरेल, नाहीतर पुढच्या दिवाळीला.

"पुन्हा सुरू करू का वायू?" इक्बालनं फोनवर ते ऐकून विचारलं.

"नको. पेव आणखी भरेल." तिनं फोन ठेवला आणि हौसाक्काचा दंड धरला. "अक्का, घरात जाऊ नका. कुणीच जाऊ नका."

"का वो?"

"डोंगर निजलेला नाही. मी त्याला जेवायला घालत होते, म्हणून गप्प होता. आज बंद केलं. त्याला भूक लागेल तेव्हा तो हलेल, आणि असा हलेल की स्लॅब राहणार नाही."

"कवा?"

"ते मला माहीत नाही."

हौसाक्कानं दंड सोडवून घेतला. ढोल थांबले होते. "माजा ल्योक बाराही म्हयनं परमुलखात हाय, ह्या घरापायी," ती हळू म्हणाली. "तुमी जेवाय घातलंसा. ब्येस केलं. अन् मग ताटावरनं उठिवलंसा."



हौसाक्का वळली आणि तरातरा घराकडे चालू लागली.

"अक्का, नका जाऊ आत!"

"डबं सुनंच्या आईनं दिल्यात. त्ये काय चेपू देऊ?"

बाहेर उभं राहणं शरयूला जमलं नाही. ती मागोमाग आत शिरली. वरचा स्लॅब कधी नव्हे इतका खाली आल्यासारखा वाटला. हौसाक्का स्टुलावर चढून एकेक डबा उतरवून देत होती. शरयू तो छातीशी धरून बाहेर नेत होती आणि पुन्हा आत येत होती. दोघी श्वाससुद्धा जपून घेत होत्या, जणू त्यानंही काही हललं असतं. सगळ्यात खालचा मोठा डबा दोघींनी मिळून उचलला.

अंगणात हौसाक्कानं डबे जमिनीवर ओळीनं मांडले. पूर्वीसारखे.

माळावरून परतणाऱ्या बाया वाटेतच थबकल्या. खोऱ्यात अंगणातली डब्यांची ओळ पाहिल्यावर कुणाला काही सांगावं लागत नाही. शेजारणीनं कडेवरचं पोर सासूकडे दिलं, आत धावली आणि तिचीही डब्यांची चळत बाहेर येऊ लागली. मग पलीकडच्या घरातली. कुणीतरी स्लॅबवर चढलेल्या पोरांना हाका मारून खाली घेतलं. आंधळ्या सासूची बाज पुन्हा माळाकडे निघाली.

हौसाक्का ओळीच्या टोकाला बसली. तिथे ती चिमुकली डबी होती. तिचं झाकण बारीक वाजायला लागलं. टिण. टिण टिण.

हौसाक्कानं त्यावर तळवा ठेवला. वाजणं थांबलं. तिनं तळवा उचलला, तर झाकण पुन्हा वाजू लागलं, आणि आता त्याच्या शेजारचंही.

तिनं कमरेच्या दोन भाकरी चाचपल्या आणि शरयूला हाताला धरून जवळ बसवून घेतलं.

"उठली वाटतं तुमची पोरं," ती म्हणाली. "उपाशी."

मग ओळीतला सगळ्यात मोठा डबा वाजू लागला.